बदामाची काठी: हिब्रू धातू बायबल वाचताना किती कामाला येतात?

कुरुंद

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी बायबलचा एक अध्याय मोठ्याने वाचायची रीत होती. यिर्मयाचा पहिला अध्याय आला की मी एका जागी हमखास अडायचे. देव यिर्मयाला विचारतो, तुला काय दिसतं? तो म्हणतो, बदामाची काठी. त्यावर देव म्हणतो, बरोबर पाहिलंस, कारण माझं वचन पुरं करायला मी जागा आहे. ते 'कारण' कुठून आलं, हे मला कळायचं नाही. काठी बदामाची असण्याचा आणि देव जागा असण्याचा संबंध काय? वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, संदेष्ट्यांची भाषा गूढ असते, मोठी झालीस की उमगेल.

मोठी झाले, संस्कृत घेऊन पदवी केली, नोकरीला लागले आणि चार वर्षांपूर्वी हिब्रू शिकायला बसले. तेव्हा दिसलं की तिथे गूढ काही नव्हतंच. हिब्रूत बदाम म्हणजे 'शाकेद', आणि जागा राहणारा, पाळत ठेवणारा म्हणजे 'शोकेद'. लिहिताना दोन्हीकडे तीच तीन अक्षरं, श-क-द. यिर्मयाच्या कानाला ते 'कारण' लख्ख ऐकू आलं असणार. शिवाय त्या देशात थंडी सरता सरता, बाकीची झाडं अजून उघडी असताना, सगळ्यांत आधी फुलतो तो बदाम. झाड जागं, शब्द जागा, देव जागा. मराठीत येता येता त्यातलं शेवटचं तेवढं हाती लागलं.

ज्यांनी हिब्रू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या भाषेत बहुतेक शब्दांच्या बुडाशी तीन व्यंजनं असतात. त्यांना 'शोरेश' म्हणतात, म्हणजे झाडाचं मूळ; आपल्या व्याकरणात ज्याला धातू म्हणतात तेच. व्यंजनं जागची हलत नाहीत, स्वर फिरतात, पुढेमागे एखादं अक्षर जोडलं जातं, आणि एकाच मुळातून क्रियापदं, नामं, विशेषणं फुटतात. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, गळणे-गाळणे यांत आपणही तेच करतो. हिब्रूनं त्याच्यावर सगळा संसार उभारला आहे.

आणि जुन्या पोथ्यांत स्वरचिन्हं नसत. स्वर वाचणाऱ्याच्या तोंडी असायचे, परंपरेनं शिकलेले. तिबेरिया इथल्या मासोरा विद्वानांनी, म्हणजे बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी पंडितांनी, साधारण ७व्या ते १०व्या शतकांत ठिपके आणि रेघा देऊन ते पक्के केले. संपूर्ण हिब्रू बायबलची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण प्रत, लेनिनग्राड कोडेक्स, १००८च्या सुमाराची आहे. तोवर एकाच अक्षरसमूहाचे दोन उच्चार शक्य असायचे, आणि त्यातून काय होतं ते मराठी बायबलमध्येच पाहता येईल. उत्पत्ती ४७:३१ काढा. म्हातारा याकोब पलंगाच्या उशाशी वाकून नमन करतो. आता इब्री लोकांस पत्र ११:२१ काढा. प्रसंग तोच, पण इथे तो काठीच्या टोकावर टेकून नमन करतो. मूळ अक्षरं म-ट-ह. 'मित्ता' वाचलं तर पलंग, 'मत्ते' वाचलं तर काठी. ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियात ज्यांनी उत्पत्तीचं ग्रीक भाषांतर केलं त्यांनी काठी वाचली. पत्राचा लेखक त्याच ग्रीक भाषांतरावरून लिहितो. मासोरावाल्यांनी पलंग वाचला. दोघांनीही अक्षराला हात लावलेला नाही.

काही ठिकाणी मात्र मराठी हिब्रूच्या इतकी जवळ जाते की मला भरून येतं. 'शमा' या धातूचा अर्थ ऐकणं, आणि आज्ञा पाळणंही. भाषांतरकारांना तिथे दोन वेगळी क्रियापदं निवडावी लागतात. आपल्याकडे आई म्हणते, "हा माझं ऐकतच नाही." त्याचा कान तर ठीक असतो! अनुवाद ६:४ मधलं 'शमा इस्राएल' आपल्या बायबलात "श्रवण कर" असं आहे. मला वाटतं "इस्राएला, ऐक" एवढंच पुरेसं होतं, त्यात दोन्ही अर्थ आपसूक आले असते. दुसरा शब्द 'दावार'. शब्द, बोलणं, घटना, वस्तू, प्रकरण, सगळ्याला दावार. यावर मोठी चर्चा वाचायला मिळते की हिब्रू मनाला शब्द आणि वस्तू एकच वाटत असे वगैरे. मराठीत 'गोष्ट' आहे की! आजीनं सांगितलेली ती गोष्ट, बाजारातून आणायच्या त्या चार गोष्टी, आणि "ही गोष्ट बरी झाली नाही" तीही गोष्टच. म्हणून आपण काही कथा आणि वस्तू यांत गोंधळत नाही.

इथूनच माझं मुख्य म्हणणं सुरू होतं. गेल्या काही वर्षांत प्रवचनांत, चित्रफितींत, व्हॉट्सॲपवर "मूळ हिब्रूत या शब्दाचा खरा अर्थ..." असं फार ऐकू येतं. धातू सांगायचा, त्या धातूचे सगळे शब्द गोळा करायचे आणि सगळे अर्थ एका वचनात ओतायचे. हे चूक आहे, आणि का चूक आहे ते मराठी माणसाला लगेच पटावं. तेल हा शब्द तिळापासून आला. म्हणून खोबरेल तेलात तीळ शोधायचे का? 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणेत निपुण. प्रवीण सुताराच्या हातात आपण वीणा देत नाही. आपल्याकडे शास्त्रकारांनी हे एका ओळीत सांगून ठेवलं आहे: रूढी योगापेक्षा बलवान. शब्द रुळला की त्याची व्युत्पत्ती मागे पडते. यास्कानं निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथात, हा वाद नोंदवला आहे. शाकटायन म्हणतो सगळी नामं धातूंपासून आली, गार्ग्य म्हणतो सगळी नाही. आक्षेप असा की वाट व्यापतो म्हणून घोडा 'अश्व', तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणा. यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा. बायबलच्या बाबतीत मी गार्ग्याच्या बाजूची. हिब्रूच्या अभ्यासात हीच हरकत जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकानं १९६१ साली सविस्तर मांडली: अर्थ वाक्यात असतो, शब्दाच्या वंशावळीत शोधू नये.

मग धातू सोडून द्यायचे का? तसंही नाही, नाहीतर बदामाची काठी पुन्हा गूढ होईल. माझी कसोटी अशी: लिहिणाऱ्यानं स्वतः त्या ओळीत किंवा त्या कथेत धातू वाजवला आहे का? असेल तर तो ऐकलाच पाहिजे. नसेल तर कोशातून उचलून तिथे नेऊन ठेवू नये. तुम्हाला ही कसोटी पटते का, आणि तुमच्या वाचनात अशी कुठली वचनं आली आहेत, ते लिहा.


खडूफळा

कुरुंदताई, लेख मनापासून आवडला. आमच्याकडे एका सभेत बाहेरगावच्या उपदेशकांनी सांगितलं होतं की 'लेहेम' म्हणजे भाकर आणि 'मिल्हामा' म्हणजे लढाई, दोन्हींचा धातू एकच. म्हणून बेथलेहेम हे भाकरीचं घर तसंच युद्धाचंही घर, आणि रोजची भाकर मागणं म्हणजे रोजची लढाई मागणं. सगळे भारावून गेले होते, मीही वहीत लिहून ठेवलं. तुमच्या कसोटीवर हे कुठे बसतं?


कुरुंद

खडूफळा, अक्षरं तीच आहेत हे खरं, ल-ह-म. बार यांनीही हीच जोडी उदाहरणाला घेतली आहे. अरबीत त्याच अक्षरांचा 'लहम' म्हणजे मांस. तेव्हा अरबाच्या ताटात मांस, हिब्रू माणसाच्या ताटात भाकर, एवढं त्यातून फार तर म्हणता येईल. पण बेथलेहेमच्या कुठल्याही कथेत कुणी भाकरीवरून लढाईकडे वळत नाही. रूथचं पुस्तक घ्या. दुष्काळ पडतो, 'भाकरीच्या घरात' भाकर उरत नाही, कुटुंब मवाबात जातं, आणि देवानं आपल्या लोकांना भाकर दिली हे कानावर आल्यावर त्या कुटुंबातली आई, नामी, परत निघते. तिथे 'लेहेम' शब्द मुद्दाम आलेला आहे आणि गावाच्या नावाशी तो वाजतो. ते ऐकायचं. लढाई त्यात नाही.

तुमची वही मात्र टाकू नका. उपदेशकांच्या मनातली कळकळ खरी असणार, फक्त तिचा भार त्या शब्दावर टाकायला नको होता.


रेवदंडा

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी, मूळची रेवदंड्याची. लग्नानंतर इस्राएलात अश्दोदला आले, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. घरात मराठी, दारात हिब्रू.

आधी एक गोष्ट इथल्या भाषेची. चोवीस तास हिब्रू बोलणाऱ्यांना धातू ऐकू येतात असं समजू नका. बाजारात भाकर घेताना कुणाच्या मनात लढाई येत नाही. उलट आजची हिब्रू येणाऱ्याला वेगळाच धोका असतो. यहेज्केलच्या पहिल्या अध्यायात अग्नीच्या आत काहीतरी झळाळतं, त्याला 'हश्माल' म्हटलंय. आज हश्माल म्हणजे वीज, दिवे-पंख्याची वीज. शाळेत माझ्या मुलानं विचारलं होतं, यहेज्केलला वीज दिसली का? शब्द त्या पुस्तकातून उचलून अलीकडच्या काळात विजेला दिला, हे त्याला समजावून सांगावं लागलं.

आता ज्या धातूवर माझा जीव आहे तो सांगते. र-ह-म. 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, 'रहमीम' म्हणजे दया, कळवळा. मुंबईत मांडवीला आमच्या लोकांचं सर्वांत जुनं प्रार्थनामंदिर आहे, शार हारहमीम, दयेचं द्वार. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटले म्हणून त्यांनी ते बांधलं, असं आमच्यात घरोघरी सांगतात. आमच्या जुन्या बायका त्याला मशीदच म्हणत, जुनी मशीद. लहानपणी मला वाटायचं दया म्हणजे दारात उभ्या असलेल्याला काहीतरी देणं. हिब्रू कळायला लागल्यावर योसेफाची गोष्ट वाचली. उत्पत्ती ४३ मध्ये सगळे भाऊ त्याच्यासमोर उभे आहेत. तो बन्यामिनाला पाहतो, 'आपल्या आईचा मुलगा', आणि त्याचे रहमीम पेटतात, तो आत जाऊन रडतो. बाकीचे दहा सावत्र. राहेलच्या पोटचे हे दोघेच. आपल्याकडे सहोदर म्हणतात ना, तोच अर्थ. पुढे १ राजे ३ मध्ये शलमोनापुढे दोन बायका एका बाळासाठी भांडतात. तो म्हणतो, तलवार आणा. तेव्हा खऱ्या आईचे रहमीम पेटतात, अगदी तेच शब्द. ती म्हणते, देऊन टाका तिला, पण मारू नका. न्याय तिथेच झाला. यशया ४९ मध्येही आई आपल्या पोटच्या पोराला विसरेल का, असं विचारताना तोच धातू येतो. या तिन्ही जागी लिहिणाऱ्याला गर्भ आठवत होता, यात मला शंका नाही. आपण म्हणतो पोटात कालवलं, आतडं तुटलं, ते याच जातीचं.

पण कुरुंद, तुझ्या बाजूनंही एक पुरावा देते. स्तोत्र १०३ मध्ये बाप लेकरांवर दया करतो तशी देव करतो, असं आहे, आणि क्रियापद हेच. बापाला कुठलं गर्भाशय! तिथे तो नुसता रुळलेला शब्द आहे. प्रत्येक 'रहमीम'मध्ये गर्भ शोधणाऱ्यांनी हे स्तोत्र आधी वाचावं.

अवांतर: मराठीतून हिब्रू शिकणं ही नवी गोष्ट नाही. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, आमच्याच लोकांना शिकवायला. आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, हिब्रूच्या जोडीला मराठी आहे. तेव्हा धातू आणि शोरेश यांची गाठ आपल्या भाषेत फार आधी पडलेली आहे.


कुरुंद

रेवदंडाकाकू, १०३व्या स्तोत्राकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. माझ्या सगळ्या लेखापेक्षा तुमची ही दोन टोकं जास्त सांगतात. धन्यवाद.


भीमथडी

काकूंनी विल्सनचा विषय काढला म्हणून आठवलं. या धाग्यावर पंडिता रमाबाईंचं नाव आल्याशिवाय राहू नये. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्यात मिळाल्या, त्या संस्कृतच्या जोरावर. म्हणजे धातू हे त्यांच्या लहानपणापासूनच्या पाठांतरातले. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशनचा व्याप सांभाळता सांभाळता हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि त्याचे खिळे जुळवायचं काम तिथल्या बायकांनी केलं होतं. एवढी संस्कृत येत असताना भाषा मात्र साधी ठेवायचा त्यांचा आग्रह होता, खेड्यातल्या बाईला कळेल अशी. धातूचं ज्ञान असणं आणि ते वाचणाऱ्याच्या डोक्यावर न लादणं, दोन्ही त्यांच्यात होतं. मला वाटतं या धाग्यात जे चाललंय त्याचं उत्तर त्यांच्या कामात आहे.

माझ्याकडून एक जोडी. उत्पत्ती २:२३, 'ईश' आणि 'ईश्शा'. प्रचलित मराठी बायबलात "हिला नारी म्हणावे, कारण ही नरापासून बनविली आहे" असं आहे. किती भाषांना हे इतकं सहज जमलं असेल? आणि गंमत बघा, ईश आणि ईश्शा यांचे धातू बहुधा वेगळे आहेत असं कोशकार मानतात, तर नर-नारी मात्र खरोखर एकाच मुळाचे. म्हणजे हा शब्दखेळ हिब्रूपेक्षा मराठीत व्याकरणाला जास्त धरून आहे.


माळावरचं_घर

सगळं वाचलं. विद्वत्तेबद्दल आदर आहे, पण मनात एक बोच आहे ती लिहिते. यशया ७:१४ आमच्या घरी नाताळात वाचतात. "कुमारी गर्भवती होईल." कॉलेजात एकानं मला सांगितलं की मूळ हिब्रूत कुमारी नाहीच, हे सगळं भाषांतराच्या चुकीवर उभं आहे. तेव्हा मी गप्प बसले होते. धातू वाचायला लागलं की शेवटी श्रद्धेला तडाच जातो का? ज्या बायांनी आयुष्यभर फक्त मराठी बायबल वाचलं, त्यांनी काय चुकीचं वाचलं?


कुरुंद

ताई, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जपून लिहिते.

मूळ शब्द 'अल्मा'. 'एलेम' म्हणजे तरुण मुलगा, त्याचं हे स्त्रीलिंग. अर्थ तरुणी, लग्नाच्या वयाची मुलगी. शरीरसंबंध आलेला नाही हे स्पष्ट सांगायचं असेल तर हिब्रूत साधारणपणे 'बेतूला' येतो. इथपर्यंत तुमच्या कॉलेजातल्या माणसाचं बरोबर. पण 'अल्मा' म्हटलं की ती कुमारिका नाही, असंही ठरत नाही. त्या समाजात त्या वयाची अविवाहित मुलगी बहुधा तीच असायची. शब्द त्या मुद्द्यावर बोलत नाही, इतकंच. ख्रिस्तजन्माच्या आधीच ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहुद्यांनी तिथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, असं लिहिलं, आणि मत्तयानं ते घेतलं. 'पार्थेनोस'लाही आपण समजतो तेवढी घट्ट चौकट नव्हती. उत्पत्ती ३४:३ मध्ये दीनेवर अत्याचार झाल्यानंतरही त्याच ग्रीक भाषांतरात तिला पार्थेनोस म्हटलं आहे. आणि आपली 'कुमारी'? शाळेच्या दाखल्यावर नावाआधी 'कु.' लिहितात तेव्हा आपण फक्त मुलगी अविवाहित आहे एवढंच सांगत असतो. मला वाटतं मराठी भाषांतरकाराच्या हाती अनायासे 'अल्मा'च्या सगळ्यांत जवळचा शब्द लागला.

काही जण या शब्दाचा धातू 'लपवणे' असा सांगून 'पडद्याआड राखलेली मुलगी' असा अर्थ काढतात. अक्षरं तशी जुळतात, पण तो दुसरा धातू आहे. श्रद्धेच्या बाजूनं केलेली ही ओढाताणसुद्धा मला नको वाटते.

यशयाच्या त्या अध्यायात आहाज राजा शत्रूंच्या भीतीनं थरथरतो आहे, त्याला चिन्ह मिळतं आहे. मत्तयाला त्या वचनात ख्रिस्त दिसला. मरीयेबद्दल त्याला जे सांगायचं होतं ते तो स्वतः, आपल्या शब्दांत, त्या अध्यायात सांगतोच. ते एका हिब्रू नामावर टांगलेलं नाही. तुमच्या घरच्या बायांनी मत्तय वाचला, नीट वाचला. त्यांच्याकडून काही चुकलेलं नाही.


माळावरचं_घर

हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'कु.' चं उदाहरण बरोबर आहे.


द्राक्षबाग

मी तासगावकडचा, धंदा द्राक्षाचा. हिब्रू येत नाही, पण यशयाचा पाचवा अध्याय मला पाठ आहे, कारण तो बागायतदारानंच लिहावा असा आहे. जमीन खणली, दगड वेचले, उत्तम वेल लावले, मधे बुरूज बांधला, रस काढायचं कुंड खोदलं, आणि आली काय तर रानटी द्राक्षं. एका वर्षी छाटणीनंतर अवकाळीनं सगळी बाग गेली तेव्हा हा अध्याय वाचून मी बांधावर बसून रडलो आहे. सातव्या ओळीत म्हटलंय की त्यानं न्यायाची वाट पाहिली तर रक्तपात, नीतिमत्तेची वाट पाहिली तर आकांत. इथेही काही शब्दखेळ आहे असं टिपेत वाचलं होतं. तो कसा आहे, आणि त्यांचे धातू एकच का?


कुरुंद

दादा, तुमच्या या प्रश्नानं माझा लेख मला पुन्हा तपासावा लागला.

ओळ अशी आहे: 'मिश्पात'ची वाट पाहिली, आणि हा 'मिस्पाह', 'त्सदाका'ची, आणि ही 'त्सआका'. एका घासात गोड द्राक्ष समजून तोंडात टाकावं आणि आंबट निघावं, तसे शब्द. दिसायला जवळजवळ तेच. आणि धातू एकच आहेत का, तर नाहीत. चारही शब्दांचे चार वेगळे धातू. म्हणजे मी धाग्याच्या नावातच धातू धातू म्हणत बसले, आणि हिब्रू बायबलातला एवढा धारदार शब्दखेळ धातूवर उभाच नाही, तो कानावर उभा आहे. माझी कसोटी मी बदलते. लिहिणाऱ्यानं धातू वाजवला का, असं मी विचारत होते. त्यानं आवाज वाजवला का, असं विचारायला हवं. भीमथडींच्या ईश-ईश्शाचंही हेच.

दुसऱ्या जोडीसाठी मराठीत माझ्या मनात 'सदाचार' आणि 'हाहाकार' आले. "सदाचाराची आस धरली, तर हाहाकार." पहिल्या जोडीला 'नीती' आणि 'भीती' चालेल का, याबद्दल मन घेत नाही, रक्त त्यातून निसटतं.


द्राक्षबाग

पहिल्याला 'रीत' आणि 'रक्त' घ्या. "रीत पाहायला गेला, रक्त दिसलं." आमच्याकडे "ही काय रीत झाली?" म्हणजे हा काय न्याय झाला, असंच असतं.


कुरुंद

रीत आणि रक्त. घेतलं, वहीत लिहिलं.

आता तुम्हालाच आणखी एक विचारते, कारण हे मला चार वर्षांत जमलेलं नाही. आमोस ८:२. देव विचारतो, आमोसा, काय दिसतं? तो म्हणतो, उन्हाळी फळांची टोपली. देव म्हणतो, माझ्या इस्राएल लोकांचा अंत आला आहे. फळं म्हणजे 'कायित्स', अंत म्हणजे 'केत्स'. पुन्हा धातू वेगळे, आवाज जवळचा. गेझेर इथे १९०८ साली चुनखडीची एक छोटी पाटी सापडली, ख्रिस्तपूर्व १०व्या शतकातली, तिच्यावर शेतीच्या वर्षाचे महिने कोरले आहेत: वेचणी, पेरणी, जवस, जव, छाटणी असे. अगदी शेवटची ओळ 'कायित्स'ची, आणि तिथे तो शब्द नुसत्या दोन अक्षरांत लिहिलाय, जसा 'अंत' लिहितात तसाच. म्हणजे काही भागांत दोन्हींचा उच्चारही एकच होत असावा. आमोस मूळचा तकोवाचा, दक्षिणेचा, आणि बोलायला गेला उत्तरेत बेथेलला. ऐकणाऱ्यांनी टोपली पाहिली आणि पुढचा शब्द त्यांच्या कानात आधीच वाजला असेल. मराठीत "उन्हाळी फळं" आणि "अंत" यांत काहीच वाजत नाही. उलट आपल्याला उन्हाळी फळं म्हणजे आंबे वाटतात, हंगामाचा आनंद वाटतो.


द्राक्षबाग

ती फळं वर्षाच्या अखेरीची ना? मग आमच्या शब्दात तो शेवटचा तोडा. मिरची, टोमॅटो, वांगी, सगळ्याला पहिला तोडा, दुसरा तोडा, शेवटचा तोडा म्हणतात. शेवटच्या तोड्यानंतर झाड उपटायचं असतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून असं करून बघा:

"आमोसा, काय दिसतं?"
"शेवटच्या तोड्याची टोपली."
"माझ्या इस्राएल लोकांचा शेवट आला."


रेवदंडा

दादा, हे मी आत्ता मोठ्यानं वाचलं. माझा नातू इथेच जन्मलेला, त्याला मराठी जेमतेम कळते. 'तोडा' म्हणजे काय ते त्यानं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, "सावता (म्हणजे आजी), हे तर कायित्स-केत्स आहे."